पाटी आणि बाजा

मूकपटाला आपण मूकपट म्हणतो खरे, पण तो ज्या थिएटरात दाखवला जाई तिथे शांतता क्वचितच असे. पडद्याखाली कुणीतरी पियानो वाजवत बसलेले असे. मोठ्या शहरातल्या मोठ्या थिएटरात अख्खा वाद्यवृंद असे. आपल्याकडे पेटी आणि तबला असे. मुकी होती ती फीत. आवाज त्या त्या गावचा, त्या त्या रात्रीचा असे आणि खेळ संपला की विरून जाई. पुढे हेच सिनेमे घरी बघायची सोय झाली. आधी छोट्या प्रोजेक्टरवरच्या फिती, मग व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे आणि आता मोबाईल. प्रत्येक वेळी कुणाला तरी ठरवावे लागले की या चित्रांना आवाज कुठला द्यायचा, ती किती वेगाने पळवायची, मधल्या पाट्या ठेवायच्या की काढायच्या. त्यामुळे एकाच नावाचे, एकाच नटाचे, पण एकमेकांपासून बरेच वेगळे असे सिनेमे लोकांच्या घरी पोहोचले.

मी सोलापुरात एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन, हॅरॉल्ड लॉइड यांचे सिनेमे जमवायचे आणि एकाच सिनेमाच्या दोन-तीन आवृत्त्या लागोपाठ बघायच्या, असा मला नाद आहे. घरचे म्हणतात, बघितलेला सिनेमा माणूस फार तर पुन्हा बघेल, तू तर त्याची तपासणी करतेस. वह्या तपासायची सवय, दुसरे काय! पण या नादातून मला एक गोष्ट कळली आणि ती वर्गात उपयोगी पडली, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सुरुवात 'द गोल्ड रश'पासून करते, कारण फरक समजून घ्यायला याच्याइतके सोपे उदाहरण दुसरे नाही.

हा सिनेमा २६ जून १९२५ रोजी हॉलिवुडमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. सोने शोधायला बर्फाळ मुलखात गेलेला चार्ली, त्याची उपासमार, उकडून खाल्लेला बूट, काट्यांना पाव टोचून टेबलावर केलेला नाच, कड्याच्या टोकाला लटकलेली झोपडी. यातले एखादे दृश्य तरी वाचकांनी पाहिलेले असणारच. पुढे बोलपट आले. मग १९४२ साली चॅप्लिनने स्वतःच हा सिनेमा पुन्हा हातात घेतला. मधल्या साऱ्या पाट्या काढून टाकल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या आवाजात निवेदन घातले, संगीत दिले, दृश्ये कापली, बोलपटाच्या वेगाने फीत चालवली. मूळ सिनेमा सुमारे ९५ मिनिटांचा होता, तो ७२ मिनिटांच्या आसपास आला. गंमत म्हणजे या मूकपटाला त्या वर्षीच्या ऑस्करसाठी जी दोन नामांकने मिळाली, ती संगीत आणि ध्वनिमुद्रण यांसाठी!

बदल केवळ आवाजाचा नव्हता. १९२५ च्या सिनेमात जॉर्जिया ही नाचगृहातली मुलगी आपल्या रुबाबदार मित्राला, जॅकला, माफीची आणि प्रेमाची चिठ्ठी पाठवते. जॅक ती वाचून हसतो आणि चेष्टा म्हणून चार्लीकडे पाठवून देतो. चार्लीला वाटते, ही आपल्यालाच लिहिली आहे. तो आनंदाने वेडा होतो, आणि प्रेक्षकाला मात्र ठाऊक असते की चिठ्ठी त्याची नाहीच. १९४२ च्या आवृत्तीत चॅप्लिनने हा डावच मोडून टाकला. तिथे जॉर्जिया चिठ्ठी चार्लीलाच लिहिते. चित्रे बहुतेक तीच, नट तेच, हसू तेच, पण मुलगी बदलली. पहिल्या सिनेमात ती शेवटपर्यंत कोडे राहते. दुसऱ्यात आधीच भली ठरते. शेवटही बदलला. आधीच्या सिनेमात जहाजावर छायाचित्र काढणाऱ्याच्या समोर चार्ली जॉर्जियाचे चुंबन घेतो आणि तो बिचारा म्हणतो की तुम्ही माझे चित्र बिघडवले. १९४२ मध्ये ते चुंबन गेले. दोघे जिना चढून वर जातात आणि सिनेमा संपतो.

आता यातला खरा 'गोल्ड रश' कोणता? ज्याने बनवला त्याने स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेला, की लोक ज्याला पहिल्यांदा हसले तो? एखाद्या शायराने म्हातारपणी आपल्या जवानीतल्या गझला बदलून छापल्या तर आपण कोणता दीवान उघडायचा? मी दोन्ही उघडते. पण त्याचे कारण पुढे सांगेन.

आमच्या घरी हा सिनेमा आला तो २००३ च्या सुमारास, व्हीसीडीवर. नव्या पेठेतल्या एका हातगाडीवरून भाईजानने तो आणला होता. व्हीसीडीवर साधारण सव्वा तासाचे चित्रण मावे, म्हणून हिंदी सिनेमाला दोन किंवा तीन चकत्या लागत. हा एका चकतीत मावला होता, त्यावरूनच आज सांगता येते की ती १९४२ ची आवृत्ती होती. तेव्हा आम्हाला असले काही माहीत नव्हते. आम्ही उर्दू शाळेतली मुले. पडद्यावर एक इंग्रज गृहस्थ सतत काहीतरी सांगत होता आणि त्यातले आम्हाला नावांखेरीज काही कळत नव्हते.

दादी शेजारी बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तिला नुसते हलणारे डाग दिसायचे. भाईजानने टीव्हीचा आवाज बारीक केला आणि स्वतःच सांगायला लागला, "देख दादी, भूक लगी उसकू, अब जूता पकारा. कीले चूसरा, जैसे मुर्गी की हड्डी." दादी हसून हसून तोंडाला पदर लावायची. मग म्हणायची, "फिर से बोल." म्हणजे आमच्या घरी त्या सिनेमाची आणखी एक आवृत्ती तयार झाली होती, दख्खनी भाषेतली. ती कुठल्याही चकतीवर नाही.

पुढे वाचनात आले की हे काम फार जुने आहे. जपानमध्ये मूकपट दाखवताना पडद्याच्या बाजूला उभे राहून कथा सांगणारे कलावंत असत. त्यांना बेन्शी म्हणत. लोक सिनेमापेक्षा बेन्शीचे नाव बघून तिकीट काढत. आपल्याकडेही मूकपटांच्या पाट्या एकाहून अधिक भाषांत असत, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी थिएटरात कुणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी. वाचणारा साधा माणूस, पण त्याने सुरात वाचले तर लोक रडत, खट्याळपणे वाचले तर हसत. भाईजान त्यांच्याच खानदानातला.

बी.एड.ला असताना, २०११ साली, मला 'गोल्ड रश'ची दोन चकत्यांची डीव्हीडी बघायला मिळाली. ती २००३ साली परदेशात निघाली होती. एका चकतीवर १९४२ चा सिनेमा, दुसऱ्या चकतीवर १९२५ चा. त्यासोबत नील ब्रँड यांचा नुसता पियानो. जुना सिनेमा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तोही मूळच्या फितीवरून जसाच्या तसा आलेला नव्हता. १९४२ नंतर मूळ सिनेमा मागे पडला आणि त्याचे तुकडे ठिकठिकाणी विखुरले. ते गोळा करून केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी १९९३ साली तो पुन्हा जुळवला. मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली होती. १९२५ च्या सिनेमाच्या हक्कांचे अमेरिकेत १९५३ साली नूतनीकरणच झाले नाही. त्यामुळे तिथे तो कुणाच्याच मालकीचा राहिला नाही. मग ज्याच्या हाती प्रत लागली त्याने ती छापली. कुणी त्यावर हाताला येईल ती तबकडी लावली, कुणी काहीच लावले नाही. स्वस्तातल्या कॅसेटवर भुकेच्या दृश्याला लग्नाचा बाजा वाजतो तो असा.

ब्रँड यांच्या पियानोत एक अदब होती. चार्ली नववर्षाच्या रात्री टेबल सजवून मुलींची वाट बघतो आणि त्या येतच नाहीत. १९४२ च्या आवृत्तीत त्या रात्रीच्या आधी आणि नंतर चॅप्लिन स्वतः आपल्याशी बोलत असतो, तो आपल्याला सोबत करतो. पियानोच्या आवृत्तीत आपण एकटे. चार्ली एकटा आणि आपणही एकटे. दोन्ही वेळा मला रडू आले, पण ते रडू एक नव्हते.

ही बाजाची गोष्ट झाली. वेगाचीही अशीच एक गोष्ट आहे. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने मूठ फिरवून चालवत. सेकंदाला सोळा, अठरा, वीस, अशी जशी मूठ फिरेल तशी चित्रे निघत. बोलपट आल्यावर सेकंदाला चोवीस चित्रे हे प्रमाण पक्के झाले, कारण वेग हलला की आवाज फाटतो. जुनी फीत नव्या यंत्रावर घातली की माणसे तुरुतुरु पळायला लागली. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी कुणीतरी मिशी लावून, काठी घेऊन, झटके देत चालणारा चार्ली करतो. ती नक्कल बऱ्याच अंशी चार्लीची नसून चुकीच्या वेगाने चालवलेल्या यंत्राची आहे. अर्थात हिशेब इतका सरळही नाही. विनोदी दृश्यांत हे लोक मुद्दाम मूठ सावकाश फिरवत, म्हणजे पडद्यावर थोडी लगबग दिसे. किती लगबग त्यांना हवी होती आणि किती आपल्या यंत्राने वाढवली, हे ठरवताना आजही चांगल्या चांगल्या जाणकारांचे मतभेद होतात.

चॅप्लिनने १९१६ आणि १९१७ या दोन वर्षांत म्युच्युअल कंपनीसाठी बारा छोटे सिनेमे केले. 'ईझी स्ट्रीट', 'द क्युअर', 'द इमिग्रंट' हे त्यातलेच. १९३२ मध्ये व्हॅन ब्यूरेन नावाच्या कंपनीने हे बाराही विकत घेऊन त्यांना आवाज चढवला. जीन रॉडेमिक आणि विन्स्टन शार्पल्स यांचे संगीत, शिवाय आपटण्याचे, धडकण्याचे, शिट्ट्यांचे आवाज. कित्येक वर्षे टीव्हीवर आणि कॅसेटवर हेच फिरत राहिले. त्या आवाजाला नावे ठेवायची फॅशन आहे, मी ठेवणार नाही. ते संगीत मस्तीचे आहे, त्या काळच्या कार्टूनसारखे आहे. पण ते एका क्षणाचीही उसंत देत नाही. इथे हसा, आता इथे हसा, असे कोपराने ढोसत राहते. नंतर याच सिनेमांना कार्ल डेव्हिस यांनी संगीत दिले. हे डेव्हिस २०२३ साली गेले. जुन्या मूकपटांना नव्याने वाद्यवृंद देण्यात त्यांनी अर्धे आयुष्य घालवले. मग इटलीतल्या बोलोन्याचे फिल्म संग्रहालय आणि पॅरिसची लॉबस्टर फिल्म्स यांनी जगभरच्या प्रती जमवून हे बारा सिनेमे धुऊनपुसून काढले आणि २०१४ मध्ये ते घरी बघायला मिळू लागले. इतकी स्वच्छ चित्रे मी तोवर पाहिली नव्हती. चार्लीच्या कोटाचे धागे दिसतात.

बस्टर कीटनचा १९२६ चा 'द जनरल' घ्या. अमेरिकेत निघालेल्या एका संचात त्याला तीन वेगवेगळी संगीते आहेत. कार्ल डेव्हिस यांचे, रॉबर्ट इझ्रायल यांचे आणि ली एर्विन यांचे ऑर्गनवरचे. रिमोटवरचे एक बटण दाबले की बाजा बदलतो, चित्र तेच राहते. प्रेयसीने नाकारलेला कीटन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर हताश बसतो. इंजिन हळूच चालू होते आणि तो दांड्याबरोबर वर-खाली होत निघून जातो. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. हे दृश्य मी तिन्ही संगीतांवर पाहिले, आणि मग आवाज पूर्ण बंद करूनही पाहिले. कीटनला कुणाच्या मदतीची गरज नाही, हे मला तेव्हा पटले. लॉइडच्या १९२३ च्या 'सेफ्टी लास्ट!'चेही असेच. घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा तो माणूस एका चकतीवर दोन आवाजांत मिळतो: एकदा डेव्हिस यांचा वाद्यवृंद, एकदा गेलॉर्ड कार्टर यांचा ऑर्गन. कार्टर यांनी मूकपटांच्या जमान्यात खरोखरच थिएटरात ऑर्गन वाजवला होता.

इथवर हा माझा घरचा शौक होता. तो शाळेत गेला तो सातवीच्या वर्गात.

बी.एड.मध्ये आम्हाला पाठाच्या टाचणात 'दृक्‌श्राव्य साधने' असा एक रकाना भरावा लागे. दृक् आणि श्राव्य हे शब्द मी इतक्या वेळा एका दमात लिहिले होते की ते दोन आहेत हे विसरायला झाले होते. त्या वर्गात एक मुलगी होती, तिला जन्मापासून ऐकायला फार कमी येई. कानाला श्रवणयंत्र होते, पण गोंगाटात ते निरुपयोगी, आणि आमच्या शाळेत गोंगाट नाही अशी घटका विरळा. ती ओठांकडे बघून शिके. मी फळ्याकडे वळले की माझे वाक्य तिच्यापुरते संपे. वर्ग हसला की ती आधी इतरांची तोंडे बघे, मग हसे. तिचे हसणे नेहमी अर्धा क्षण उशिरा येई. शिक्षकाला अशा गोष्टी दिसतात. दिसून काय करायचे, ते दरवेळी सुचत नाही.

एका शनिवारी मी वर्गाला 'द इमिग्रंट' दाखवायचे ठरवले. प्रोजेक्टर लावला आणि पलीकडच्या वर्गातले सर दारात आले. त्यांच्याकडे चाचणी चालू होती. म्हणाले, "मॅडम, सिनेमा चालू द्या, पण बाजा बंद करा." मी आवाज पूर्ण बंद केला. मुलांनी थोडी कुरकुर केली, मग गप्प झाली.

त्या सिनेमात अमेरिकेला निघालेल्या गरीब लोकांनी भरलेले जहाज डुलत असते. जेवणाच्या टेबलावर सूपची एकच थाळी घसरत चार्लीकडून समोरच्याकडे आणि समोरच्याकडून चार्लीकडे जात राहते; ज्याच्यापुढे थाळी येईल तो एक चमचा मारून घेतो. पुढे शहरात उतरल्यावर चार्लीला रस्त्यात एक नाणे सापडते. तो ते खिशात टाकतो. खिसा फाटका असतो. नाणे खाली पडते, त्याला कळत नाही, आणि तो ऐटीत हॉटेलात शिरून जेवण मागवतो.

नाणे पडले आणि वर्गातून एक हसू आले. एकटेच. ते त्या मुलीचे होते. बाकीचे चार्लीच्या चेहऱ्याकडे बघत होते, ती त्याच्या खिशाकडे बघत होती. तिने शेजारणीला कोपर मारून जमिनीकडे बोट दाखवले. मग हसू पसरत गेले. पुढे सिनेमा संपेपर्यंत वर्ग तिच्याकडे बघून ठरवत होता की आता काहीतरी होणार आहे. दहा सेंट कमी पडले म्हणून एका गिऱ्हाइकाला वेटर झोडपतात आणि चार्ली ते बघत आपला घास हळू करतो, तिथे ती पोट धरून हसली. त्या वर्षात ती पहिल्यांदाच इतरांच्या आधी हसली होती.

पुढच्या शनिवारी मी तोच सिनेमा १९३२ च्या आवाजासकट दाखवला. मुले जास्त हसली, हे खरे आहे. पण ती आवाजाला हसत होती. धडाम् झाले की हसायचे, शिट्टी वाजली की हसायचे. ती मुलगी पुन्हा इतरांची तोंडे बघायला लागली. चित्र तेच होते. बाजाने तिची जागा पुन्हा मागे ढकलली होती.

तेव्हापासून मी आवृत्त्यांकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. आधी मी विचारायची, यातली अस्सल कोणती, चांगली कोणती. आता आधी विचारते, ही कुणासाठी आहे? आवृत्ती निवडायची म्हणजे प्रेक्षक निवडायचा असतो. प्रत्येक प्रत कुणासाठी तरी दार उघडते आणि कुणाच्या तरी तोंडावर लावते.

मूकपटांचा काळ हा बहिऱ्यांसाठी सिनेमाचा सोन्याचा काळ होता. पाट्या वाचता आल्या की ते आणि ऐकणारे एकाच रांगेत बसत. चॅप्लिनचा एक जवळचा मित्र ग्रॅनव्हिल रेडमंड हा चित्रकार लहानपणी तापाने बहिरा झालेला होता. चॅप्लिनने त्याला आपल्या स्टुडिओच्या आवारात चित्रे काढायला जागा दिली होती आणि काही सिनेमांत कामेही दिली. १९३१ च्या 'सिटी लाइट्स'मध्ये सुरुवातीलाच पुतळ्याचे अनावरण होते, तिथला शिल्पकार म्हणजे रेडमंड. त्याच प्रसंगात पुढाऱ्यांची भाषणे होतात आणि त्यांच्या तोंडून शब्दांऐवजी नुसते पिपाणीसारखे आवाज निघतात. बोलपटांना चॅप्लिनने मारलेला हा टोमणा आहे. त्या आवाजी भाषणांच्या दृश्यात एक ऐकू न येणारा माणूस उभा आहे, हे कळल्यापासून मला ते दृश्य साधे वाटत नाही.

बोलपट आले आणि हे दार बंद झाले. आपल्याकडे 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आपण तो आनंदाचा दिवस मानतो, आणि तो होताच. पण त्याच काळात जगभरच्या बहिऱ्या माणसांच्या हातून सिनेमा निसटला. हवानात जन्मलेला इमर्सन रोमेरो हा बहिरा नट अमेरिकेत मूकपटांतून छोट्या विनोदी भूमिका करायचा. बोलपटांनी त्याचे कामही गेले आणि सिनेमा बघण्याचे सुखही. त्याने १९४७ साली काय करावे? बोलपटांच्या फिती मिळवल्या, त्या मधे मधे कापल्या, संवादांच्या पाट्या तयार करून आत जोडल्या आणि त्या फिती बहिऱ्यांच्या शाळांना, मंडळांना बघायला दिल्या. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेत अशा पाट्यांच्या सिनेमांसाठी कायदाच झाला. आपल्याकडे थिएटरातल्या सिनेमांत ऐकू न येणाऱ्यांची आणि दिसू न शकणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्ग ठरवून दिले ते मार्च २०२४ मध्ये.

आता तारखा जुळवून बघा. १९४२ साली चॅप्लिनने 'गोल्ड रश'मधल्या पाट्या उपटून टाकल्या आणि पाचच वर्षांनी रोमेरो कात्री घेऊन दुसऱ्यांच्या सिनेमांत पाट्या जोडत बसला होता. यात चॅप्लिनला दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्याला नव्या पिढीपर्यंत पोहोचायचे होते, आणि तो पोहोचला. त्या निवेदनात त्याचा स्वतःचा आवाज आहे, आपल्याच पोराची गोष्ट सांगावी तशी माया त्यात आहे. आणि दादीला विसरून कसे चालेल? जिला चित्र दिसत नव्हते तिला सांगणाराच हवा होता. पाट्यांची आवृत्ती तिच्या काहीच कामाची नव्हती. १९४२ च्या आवृत्तीने एका मुलीसाठी दार लावले, पण तसल्याच आवाजाने, फक्त आमच्या बोलीत, दादीसाठी ते उघडले. म्हणून मी दोन्ही दीवान उघडते असे वर म्हणाले. एकाला अस्सल ठरवून दुसरा फेकायचा तर आधी सांगावे लागेल की दादी आणि ती मुलगी यांतली कोण बाहेर बसेल.

यावर कुणी म्हणेल की मग चॅप्लिनने इतक्या मेहनतीने केलेल्या संगीताचे काय? त्याला स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती, तो गुणगुणून किंवा वाजवून दाखवी आणि दुसरे लिहून घेत. तरी म्हातारपणी तो आपल्या जुन्या मूकपटांना एकेक करून संगीत देत राहिला. 'द सर्कस'साठी तर वयाच्या ऐंशीच्या सुमारास स्वतः गाणे म्हटले. 'द किड'ला १९७१ मध्ये संगीत देताना त्यातली आईची काही दृश्येही कापली. हा त्याचा हक्क होता. ते संगीत ऐकावेच, कान आहेत त्यांनी मन लावून ऐकावे. 'सिटी लाइट्स'चे संगीत तर सिनेमाबरोबरच जन्मले, ते बाजूला काढताच येत नाही. त्यात चार्ली शिट्टी गिळतो आणि प्रत्येक उचकीबरोबर पोटातून शिट्टी वाजते. हा विनोद आवाजाचाच. तो त्या मुलीला कसा कळणार, म्हणून मी थोडी धास्तावले होते. पण शिट्टी ऐकून टॅक्सी येऊन थांबते, मग कुत्र्यांची फौज चार्लीच्या मागे लागते. कुत्री आली आणि तिला सगळे उमगले. चॅप्लिनने आवाजाचा विनोदही डोळ्यांना दिसेल असा रचून ठेवला होता. बाजा वर चढवलेला असला तरी पाया चित्राचा होता.

असे सिनेमे कुणाला मुलांना दाखवायचे असतील तर अनुभवाने दोन-चार गोष्टी सांगते. आधी वेळ बघावी. 'गोल्ड रश' सव्वा तासाच्या आत संपत असेल तर ती बहुधा निवेदनाची आवृत्ती किंवा कापलेली प्रत आहे, दीड तासाच्या वर जात असेल तर पाट्यांची. माणसे फार तुरुतुरु पळत असतील तर प्रत जुनी किंवा वेग चुकीचा, दुसरी शोधावी. संगीत चित्राशी भांडत असेल तर खुशाल आवाज बंद करावा, सिनेमा मरत नाही. एकदा आवाजासह आणि एकदा आवाजाविना दाखवून मुलांना विचारावे की काय बदलले. याच्याइतका चांगला निबंधाचा विषय मला बी.एड.च्या कुठल्याही पुस्तकात सापडला नाही. आणि शेवटचे चुंबन! तेवढ्यापुरती १९४२ ची आवृत्ती सोयीची. चॅप्लिनने ते का काढले ते त्यालाच ठाऊक, पण उर्दू शाळेतल्या शिक्षिकेवर त्याचे उपकार आहेत. १९२५ ची आवृत्ती दाखवताना ती जागा आली की मला प्रोजेक्टरसमोरून डस्टर आणायला जावे लागते.

पाट्या इंग्रजीत असतात, ही अडचण उरतेच. त्यावर वर्गाने स्वतःच उपाय काढला. आम्ही 'गोल्ड रश'च्या पाट्या उतरवून घेतल्या आणि पुठ्ठ्यांवर त्यांचा तर्जुमा केला, एका बाजूला उर्दूत, दुसऱ्या बाजूला मराठीत. पाटी आली की सिनेमा थांबवायचा आणि पुठ्ठा वर धरायचा. पुठ्ठे धरायचे काम त्या मुलीने मागून घेतले. जॉर्जियाच्या चिठ्ठीपाशी आल्यावर वर्गात वाद झाला. मी दोन्ही आवृत्त्यांतला तो भाग दाखवला होता. बरीच मुले म्हणाली की चिठ्ठी चार्लीलाच आलेली बरी, बिचाऱ्याने इतके सोसले आहे. एक मुलगा म्हणाला, तसे असेल तर मग मजा कसली. मुलीला विचारले, तर तिने दोन्ही पुठ्ठे उचलले, थोडा वेळ बघितले आणि जॅकच्या नावाचा वर धरला. म्हणाली, "ही खरी. ही आली की तो हसतो आणि आम्हाला वाईट वाटतं."

मते मोजली तेव्हा ती हरली. चिठ्ठी चार्लीच्याच नावची ठेवायची असे वर्गाने ठरवले. दोन्ही पुठ्ठे मी कपाटात जपून ठेवले आहेत. यंदाच्या सातवीचा वर्ग काय ठरवतो ते बघायचे आहे.